भाकर हातात धरवेना

नाताळ अंकासाठी लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मी विचारलं, "काय लिहू?" ते म्हणाले, "पाळकाच्या कामातले अनुभव लिहा. फक्त प्रवचन नको." म्हणजे सोनाराला दुकान उघडायला सांगायचं आणि वर म्हणायचं, सोनं दाखवू नको. तरी बघतो. मध्येच प्रवचन सुरू झालं तर वाचकांनी खुशाल पान उलटावं. आमच्या मंदिरात ती सोय नव्हती.

पाळकाचं काम म्हणजे रविवारचा एक तास, असा पुष्कळांचा समज असतो. सत्तरच्या दशकात माझा मुक्काम वसमतला होता. आताचा हिंगोली जिल्हा तेव्हा परभणीतच होता. आसपासच्या गावांतल्या लहानलहान मंडळ्या माझ्याकडे होत्या आणि त्या सांभाळायला मंडळीने एक सायकल दिली होती. तिचं पुढचं चाक जन्मापासून वाकडं होतं. लग्नं, माती, बाप्तिस्मे, भावाभावांची भांडणं, सगळीकडे बोलावणं यायचं. कुणाची म्हैस हरवली तरी प्रार्थनेला बोलवायचे, सापडली तरी बोलवायचे. दुसऱ्या वेळी निदान चहा मिळायचा.

या सगळ्यात अवघड काम शिस्तीचं. बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. मंडळीतल्या कुणी उघड पाप केलं, दारू पिऊन बायकोला मारलं किंवा खोटी शपथ घेतली, तर मंडळीचे पंच बसत आणि त्याच्यावर बंदी घालत. बंदी म्हणजे वाळीत टाकणं नव्हे. त्याने उपासनेला यायचं, गाणी म्हणायची, पण बसायचं दाराजवळच्या गोणपाटावर. प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी वाटून घ्यायची, भाकर आणि प्याला त्याच्यापुढे जायचा नाही. मन फिरलं की त्याने उभं राहून आपल्या तोंडाने आपली चूक सांगायची. मग पाळक मंडळीला विचारणार, "या भावाविरुद्ध कुणाची तक्रार आहे का?" कुणी बोललं नाही तर त्याचा उजवा हात हातात घेऊन त्याला पुन्हा आपल्या जागी बसवायचं.

ऐकायला सोपं वाटतं. पण गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एकाची कोंबडी चोरीला गेली, तर चोर सापडायच्या आधीच त्याच्यावर बंदी घाला म्हणून तो माझ्या अंगणात येऊन बसला होता. एक म्हातारी नेमाने पश्चात्तापाला यायची आणि डोळ्यांत पाणी आणून सुनेची पापं सांगायची. "स्वतःचं काही?" असं विचारलं की म्हणायची, "तिच्यापायी मला सवडच कुठं भेटते, बाबा!" हसू दाबून प्रार्थना करण्याची कला मी त्या म्हातारीमुळे शिकलो.

याकोबदादा मात्र या लोकांतला नव्हता. त्याचीच गोष्ट सांगतो.

कुरुंद्याच्या अलीकडे, सिद्धेश्वर धरणाच्या पाटावर एक गाव आहे. गावाचं नाव लिहीत नाही, माणसांची नावंही बदलली आहेत. तिथे आमची मोजकी घरं होती. पत्र्याचं मंदिर, पुढे कडुलिंब, आणि लिंबाला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. तीच आमची घंटा. ती वाजवायचा मान याकोबदादाचा. तो मंडळीचा पंच होता आणि पोटासाठी पाटावर रोजंदारीवर पाटकरी होता. पाटकरी म्हणजे पाटाचं पाणी ठरल्या पाळीप्रमाणे शेतांना सोडणारा माणूस. एका शेताची पाळी संपली की चाक फिरवून चारीचं, म्हणजे पाटातून शेताकडे जाणाऱ्या फाट्याचं, लोखंडी दार खाली पाडायचं आणि पुढच्या पाटकऱ्याच्या ताब्यात द्यायचं. त्याच्या जोडीला किसन होता, शेजारच्या बौद्धवस्तीतला, वयाने त्याच्याहून लहान आणि बोलायला फटकळ. दोघं पाटावर एका फडक्यातली भाकरी खायचे.

याकोबदादाचा अभिमान एकच होता. त्याच्या घंटेला कधी उशीर झाला नव्हता. माझी सायकल पंक्चर व्हायची, पेटी वाजवणारा झोपून राहायचा, पण ठरल्या वेळेला रुळावर टोला पडायचाच. मी चार ठिकाणी त्याचं कौतुक सांगत असे.

हळद शिजवून वाळत घालायचे दिवस होते. एका रविवारी सकाळी शेषराव पाटलांच्या मळ्याशेजारच्या चारीला पाणी फुटलं आणि उन्हात पसरलेली त्यांची सगळी हळद बुडाली. शिजवलेली हळद भिजली की काळी पडते, बुरशी धरते. वर्षाचं पीक सकाळच्या उन्हात डोळ्यांदेखत गेलं. चौकशीला पाटबंधाऱ्याचे साहेब आले. याकोबदादा म्हणाला, "म्या दार पाडून किसनच्या ताब्यात देलं अन् घंटा वाजवाया गेलो." किसन म्हणाला, दार पाडलं असं याकोबानेच सांगितलं म्हणून मी खालच्या अंगाला पाटावर चक्कर मारायला गेलो. साहेबांनी मला विचारलं. मी खरं ते सांगितलं. घंटा वेळेवर झाली होती, आणि उपासना संपेपर्यंत याकोबदादा माझ्यासमोर बसला होता. त्या दिवशी माझं प्रवचन लांबलंही होतं.

किसनचं काम गेलं. तो बाभळीखाली झोपला होता, कुणी म्हणालं प्यायला होता, असं गावभर झालं. पाटलांनी त्याला मजुरीला बोलवायचं बंद केलं, आणि पाटलांनी बंद केलं म्हटल्यावर कुणीच बोलवेना.

पोळा होऊन गेला होता. वसमतच्या बाजाराच्या दिवशी भर दुपारी याकोबदादा माझ्या घरी आला आणि ओट्यावर बसला. चहा दिला, तो त्याने बाजूला ठेवला.

"पाद्रीबाबा, एक इचारू? देव कोणाला मारत न्हाई?"

"म्हणजे?"

"तुमीच सांगता ना, बाप आपल्या लेकराला मारते. शेजाऱ्याच्या लेकराला कोण मारते? मंग ज्याला तो मारीनाच, ते लेकरू कोणाचं?"

मला आधी कळलंच नाही. आमच्याकडे लोक उलटं विचारत. बैल मेला, पोर आजारी पडलं, की धावत येऊन म्हणत, देव मला काहून मारून राहिला? मी त्यांना सांगायचो, प्रत्येक दुखणं ही शिक्षा नसते, आणि शिस्त लावणाऱ्या बापाचा हात मारतो तसा धरतोही. हा माणूस मार पडत नाही म्हणून तक्रार घेऊन आला होता.

"औंदा जवारी बक्कळ आली," तो म्हणाला. "पाटावर मला कायम केलं. पोरीला चांगलं स्थळ आलं, नाताळाच्या आधी लगन हाय. दर येळेला वाटलं, आता बसते फटका. बसला न्हाई. रातरात झोप लागत न्हाई. बाबा, त्यानं मला सोडून देलं काय?"

आणि मग त्याने सांगितलं. त्या सकाळी दाराच्या खाचेत गवत अडकलं होतं. चाक अर्ध्यावर अडलं. गवत काढत बसलो तर घंटेला उशीर झाला असता. तेवढ्यात किसन समोरून आला. याकोबदादा त्याला म्हणाला, दार पाडलंय, तू खाली चक्कर मार. उपासना झाली की येऊन पाडू, देवाच्याच कामाला चाललो आहोत, तेवढा वेळ देव सांभाळेल, असा त्याचा हिशेब. साहेब आले तेव्हा त्याला वाटलं, आपण खरं बोललो तर लोक म्हणतील, हे ख्रिस्ती लोक देवळात गाणी म्हणत बसले आणि पाटलाची हळद बुडाली. मंडळीची अब्रू जाईल. म्हणून तो खोटं बोलला, आणि मंडळीच्या अब्रूसाठी बोललो असं स्वतःला सांगत राहिला.

मला संताप आला. त्याचा आला आणि माझ्या त्या खऱ्या साक्षीचाही आला. तो खाली वाकून म्हणाला, "डोक्यावर हात ठिवा, मला मोकळं करा."

मी हात ठेवला नाही. आमच्या पंथात पाळकाने कबुली ऐकून माफी देऊन टाकायची, अशी पद्धत नाही. ज्याचं वाकडं केलं त्याच्या दारी आपल्या पायांनी जायचं असतं.

"किसनला सांगितलं का?" मी विचारलं.

"नोकरी जाईल, बाबा. पोरीचं लगन मोडंल."

"जाईल. मोडेलही."

"तुमीच सांगा त्याला."

"मी सांगितलं तर ती चुगली होईल, याकोबदादा. तुम्ही सांगितलं तर पश्चात्ताप होईल. आणि देवाने सोडलं म्हणता, मग तुम्हाला झोप कोण लागू देत नाही?"

तो चहा तसाच ठेवून उठला. 

दिवाळीनंतरच्या प्रभुभोजनाच्या रविवारी मी गावात पोचलो तेव्हा दुसरे पंच, शमुवेल मास्तर, मंदिराबाहेर माझी वाटच बघत होते. याकोबदादाने आदल्या दिवशी त्यांना सगळं सांगितलं होतं. मास्तर म्हणाले, "पाळकसाहेब, मंडळीत कबूल करू द्या. आपण बंदी घालू, रीतसर घालू. पण गोष्ट या चार भिंतींच्या बाहेर जाता कामा नये. आपली वस्ती पाणी भरते ती विहीर पाटलांची आहे. उद्या त्यांनी बायांना बंद केलं तर?"

"आणि किसन?"

मास्तर खाली बघत म्हणाले, "तो आजच चालला. नांदेडकडं वीटभट्टीवर, बिऱ्हाड घेऊन. गाडी भरून राहिला." पुढे म्हणाले, "गेल्यावर सगळं शांत होईल."

मास्तर वाईट माणूस नव्हते. विहिरीवर त्यांचीही लेक जात होती. मला त्यांचा राग येईना आणि त्यांचं ऐकवेनाही. मी आत गेलो. बाहेर टोला पडला, वेळेवर.

आमच्याकडे प्रभुभोजनाला ज्वारीची भाकर असायची आणि मनुका उकळून काढलेला रस. दोन्ही याकोबदादाची बायको शेवंताबाई करायची. पांढऱ्या फडक्याखाली ताट झाकलेलं असे आणि ते ओळीने फिरवायचं काम याकोबदादाचं. लहान मंडळीत कोण घेतो, कोण घेत नाही, हे सगळ्यांना दिसतं. मी प्रार्थना करून भाकर मोडली आणि ताट त्याच्या हातात दिलं. त्याने ते मंडळीकडे नेलं नाही. तो उभाच राहिला. 

"याकोबदादा," मी हळूच म्हणालो.

"धरवंना, बाबा," तो म्हणाला. मग मंडळीकडे वळला. "पाटलाची हळद म्या बुडवली. दार अर्धं ठिवून म्या घंटा वाजवाया आलो. किसन खरं बोलला. म्या खोटं बोललो."

 शेवंताबाईने पदर तोंडात धरला. मास्तर उठले आणि म्हणाले, "झालं, कबुली झाली. पाळकसाहेब, आता पुढं चालवा." सगळे माझ्याकडे बघत होते. खरंच, रीत पुरी झाली होती. मी बंदी जाहीर केली असती, ताट दुसऱ्याने फिरवलं असतं, आणि तासाभरात ती गाडी गाव सोडून गेली असती.

याकोबदादाने ताट खाली ठेवलं आणि तो दाराबाहेर पडला. चप्पलही घातली नाही. मी भाकर आणि प्याला फडक्याने झाकला. चालू प्रभुभोजन मी आयुष्यात तेवढं एकदाच सोडलं. मागून कोण येतं ते न बघता मी त्याच्यामागे निघालो.

किसनच्या दारात गाडी भरलेली होती. भांडी, गोधड्या, पाय बांधलेल्या दोन कोंबड्या. त्याची बायको धुरपताबाई सामानावरून दोर ओढत होती. याकोबदादा किसनच्या समोर गेला आणि त्याच्या तोंडून सगळं बाहेर पडलं, अडखळत, मागचं पुढे, पुढचं मागे. किसन बैलाच्या मानेवर हात ठेवून ऐकत होता. मला वाटलं, आता हा त्याला मारणार. खरं सांगायचं तर वाटलं, मारावं.

किसन म्हणाला, "मला काहून सांगतं? म्या तिथंच व्हतो. मला ठावं न्हाई व्हय?"

किसनने बैलाचा कासरा आवळला.

"म्या सायबाला सांगतलं, पाटलाला सांगतलं. पर तुमच्या पाद्र्याची साक्ष जड पडली." हे बोलताना तो माझ्याकडे बघत होता. मी नजर चुकवली नाही, एवढंच त्या वेळी मला करता आलं. मग त्याने धुरपताबाईकडे बोट केलं. "सांगायचं तर हिला सांग. हिला वाटते म्या पिऊन झोपलो व्हतो. लेकराच्या डोक्यावर हात ठिवून शपथ घेतली, तरी हिला पटलं न्हाई."

याकोबदादा धुरपताबाईकडे वळला आणि सगळं पुन्हा सांगितलं. या खेपेला तो अडखळला नाही. तिच्या हातातला दोर सुटला. ती याकोबदादाकडे बघतच नव्हती, नवऱ्याकडे बघत होती.

"म्या तुमाला काय काय बोलले," ती म्हणाली. "लेकरायसमोर बोलले." आणि मातीत बसून ती मोठ्याने रडायला लागली. किसन तिच्याजवळ गेला नाही. तो बैलाच्या मानेवरून हात फिरवत राहिला, पण त्याची हनुवटी हलत होती. एका खोट्याने माणसाचं काम जातं एवढंच मी तोवर धरून चाललो होतो. त्या घरात त्या उन्हाळ्यात काय काय गेलं असेल ते मला त्या दिवशी कळलं.

तिथून आम्ही पाटलांच्या मळ्यात गेलो. आता मागे मंडळी होती, मास्तरही होते. शेषराव पाटलांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुह्या देवानं सांगतलं का तुला, मला येऊन सांग म्हणून?"

"व्हय, मालक."

"मंग त्यानं हळद बुडायच्या आधी काहून न्हाई सांगतलं?"

  पाटील सुपारी कातरू लागले. बायांच्या नजरा विहिरीकडे होत्या. शेवटी ते म्हणाले, "बायायनी पाणी न्यावं, त्यायनी काय केलं? ह्यानं मात्र माह्या नजरंसमोर यायचं न्हाई. अन् किसनला म्हणा, उद्यापून मळ्यावर ये."

दुसऱ्या दिवशी किसन मळ्यावर गेला नाही. आठवडाभर गेला नाही. पण गाडी उतरवली.

याकोबदादा स्वतः पाटबंधाऱ्याच्या कचेरीत जाऊन सांगून आला. त्याची नोकरी गेली आणि किसनला परत घेतलं. पोरीचं स्थळही मोडलं. पुढे तिचं लग्न झालं, पण उशिरा, आणि ती बापाशी बरेच दिवस नीट बोलत नव्हती. पश्चात्तापाची गोड गोड वर्णनं मी स्वतः पुष्कळ केली आहेत. त्या पोरीचा चेहरा आठवला की त्यातली निम्मी खोडून टाकावीशी वाटतात. तिचा काय गुन्हा होता?

मंडळीने बंदी घातली. याकोबदादा दर रविवारी दाराजवळच्या गोणपाटावर बसे. घंटा मास्तरांचा पुतण्या वाजवायचा, आणि ती दर वेळी उशिरा व्हायची. मंदिराच्या दारावरूनच पाटाची वाट जाते. दार उघडं असे, आणि किसन पाटावर जाता-येता याकोबदादा तिथे बसलेला त्याला दिसे. दोघं बोलत नसत.

ईस्टरच्या सुमाराला पंचांनी ठरवलं की बंदी उठवावी. मी म्हणालो, तक्रार आहे का असा प्रश्न आपण विचारतो, मग ज्याची तक्रार आहे त्याला बोलवायला नको का? मास्तर म्हणाले, "तो मंडळीतला न्हाई, साहेब. त्याला आत बोलता येणार न्हाई." मी म्हणालो, "मग दारात उभा राहू दे." मी किसनच्या घरी जाऊन निरोप दिला. ऐकून तो फावडं उचलून पाटाकडे निघाला.

त्या रविवारी याकोबदादा उभा राहिला आणि त्याने आपली चूक पुन्हा सांगितली. मी नेहमीचा प्रश्न विचारला, "या भावाविरुद्ध कुणाची तक्रार आहे का?" आमच्यात या प्रश्नानंतर थोडं थांबतात. मी थांबलो. कुणी बोललं नाही. मी पुढे होऊन त्याचा हात घेणार, तेवढ्यात दारातून आवाज आला.

"माही हाय."

किसन उंबऱ्याच्या बाहेर उभा होता. गुडघ्यापर्यंत पाटाचा चिखल, खांद्यावर फावडं. याकोबदादाचा पुढे केलेला हात खाली आला. शेवंताबाईने डोळे मिटले. माझ्या मनात आलं, हे मीच ओढवून घेतलं.

"तक्रार हाय, अन् राहील," किसन म्हणाला. "माह्या बायकोनं माह्यासंगं जे दिवस काढले ते ह्यो परत आणू शकत न्हाई. पर ती तक्रार माही हाय, माह्यापाशी राहू द्या. याला भाकर द्या. ह्यो हितं दारात बसून राहिला, का पाटावर जाता-येता मला रोज याचं तोंड पाहा लागते. आत घ्या याला."

कुणीतरी हसलं, आणि हसता हसता त्यालाच रडू फुटलं. मी याकोबदादाचा उजवा हात धरला. नोकरी गेल्यापासून तो खाणीवर दगड फोडत होता, हात नुसता घट्ट्यांनी भरला होता. त्याने भाकरीचा तुकडा घेतला आणि खाल्ला. किसन तेवढं होईपर्यंत दारात थांबला आणि मग फावडं सावरत पाटाकडे गेला.

उपासना झाल्यावर मी सायकल काढत होतो. याकोबदादा कडुलिंबाखाली उभा होता. रुळाच्या तुकड्याकडे त्याचं लक्षही नव्हतं. नोकरी गेलेली, पोरगी अबोला धरून बसलेली, जन्माचा सोबती तक्रार राखून गेलेला. मला वाटलं, काहीतरी धीराचं बोलावं. पण तोच माझ्याजवळ आला. त्याच्या तोंडावर असा आनंद मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

"पाद्रीबाबा," तो म्हणाला, "मारलं देवानं मला. लई मारलं."